गोणीत गेलेला मनोरा

हरेशने विळ्याच्या टोकाने गोणीचा शेवटचा टाका उसवला, दोन्ही हातांनी तिचा तळ उचलला आणि सगळा माल समाजमंदिराच्या फरशीवर ओतला.

फरशीवर काजू पसरले. करडे, टणक, सालीसकट काजू. काही खडखडत भिंतीपर्यंत गेले, काही दाराबाहेर पडले आणि काही चिमीच्या पायांमधून थेट शहरात शिरले.

"हे काय आणलंस?" ममताने विचारलं.

"ठोकळे," हरेश म्हणाला, आणि मग त्याने खाली पाहिलं. "म्हणजे... आजीच्या ओट्यावर हीच गोण होती."

"रात्रीत पिकले वाटतं ठोकळे," चंदना म्हणाली.

 ममता तर काजू सोडून फळ्यांवर बांधलेल्या ठोकळ्यांच्या शहराकडे बघत होती. शहराच्या मधोमध एक मोठी चौकोनी जागा रिकामी होती, पुढचा दात पडल्यासारखी. तिथे मनोरा उभा राहायचा होता. आणि मनोऱ्याचा एकूण एक ठोकळा त्या गोणीत होता.

पोशेऱ्याच्या त्या समाजमंदिरात एके काळी रेशनचं धान्य उतरायचं. बाया पिशव्या घेऊन दारात उन्हात बसायच्या आणि त्यांची पोरं पायरीशी ओल्या मातीची गावं करायची; पळसाच्या पानांची छपरं आणि करवंदाच्या काट्यांची कुंपणं. आता माती नव्हती. दिवाळीत नाशिकच्या कॉलेजातली मुलं शिबिराला आली होती, ती जाताना प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं मोठं खोकं इथेच ठेवून गेली. एकमेकांत टक्‌ करून बसणारे ठोकळे. सुट्टी लागल्यापासून ही चौघं त्यांचं शहर बांधत होती: ममता, तिची धाकटी बहीण चिमी, आणि शेजारच्या पाड्यातले हरेश आणि चंदना.

शहर आजचं नव्हतं. तसलं शहर त्यांनी हरेशच्या मामेभावाच्या मोबाइलवर एका खेळात पाहिलं होतं. त्याला सायबरपंक म्हणतात, असं मामेभावाने सांगितलं होतं. म्हणजे पुढच्या काळातलं शहर. यंत्रं माणसांहून हुशार, घरं एकावर एक चढवलेली, आभाळ दिसत नाही, पाऊस थांबत नाही, आणि दुकानांच्या पाट्या मात्र दिवसरात्र जांभळ्या, निळ्या, गुलाबी उजेडात जळत असतात.

पण मोबाइलवरून घेतलं ते निम्मंच. उरलेलं निम्मं ममताने बाबांच्या फोनवरून घेतलं होतं. तिचे बाबा, माघ्या, ठाण्याला उंच इमारतींना बाहेरून चढायची बांबूंची परांची बांधायचे. रविवारी टेकडावर जाऊन फोन लावला की ममता त्यांना तिथलं सगळं विचारून घ्यायची. वरून खाली बघितलं की गाड्यांचे मागचे दिवे म्हणजे लाल मुंग्यांची रांग, असं ते एकदा म्हणाले होते. म्हणून शहरातला मोठा रस्ता आरपार दिसणाऱ्या लाल ठोकळ्यांचा होता. पाऊस म्हणून मासे धरायच्या जाळ्याचा तुटका दोरा वरून खाली ताणलेला. एका भिंतीवर गावच्या बोहाड्यात रात्रभर नाचणाऱ्या सोंगाचा मुखवटा, केशरी डोळे आणि निळ्या दाढा, दुकानाची पाटी म्हणून. आणि गच्च्यांवर हिरव्या चकत्यांच्या पायऱ्या, कारण एवढी माणसं खाणार काय, असं चंदनाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ममताने दुसऱ्या दिवशी गच्चीगच्चीवर नागली पेरली.

बघणारा तिथेच थबकायचा. चार महिने शाळेत न येणारी पोरंसुद्धा रोज दारात येऊन उभी राहायची.

आणि आज बाबा येणार होते. कसाऱ्याहून खोडाळा, खोडाळ्याहून जीप, संध्याकाळपर्यंत पोशेऱ्यात. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने परत. पावसाळ्याआधी मालकाने एवढीच रजा दिली होती. मनोरा उभा राहायचा तर आजच. तो बाबांचा मनोरा होता. ज्याच्यावर ते सध्या काम करत होते तोच, फक्त पुढच्या काळातला.

"काल गोण कुठे ठेवली होतीस?" चंदनाने हरेशला विचारलं.

काल समाजमंदिरात लग्नाचं वऱ्हाड उतरणार होतं. म्हणून मुलांनी शहर भिंतीला सरकवून त्यावर लुगडं टाकलं, मनोऱ्याचे ठोकळे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या गोणीत भरले आणि गोण हरेशच्या सुकरी आजीकडे दिली. आजीने ती लगेच शिवली. सुकरी आजीसमोर उघड्या तोंडाची गोण टिकतच नसे. जुन्या लुगड्याची चिंधी दाभणात ओवायची, दुहेरी टाका घालायचा, दोन्ही टोकांना गाठ मारायची. अर्धा पाडा तिच्याकडून काजूच्या गोणी शिवून घेई.

हरेशने सांगितलं, की आजीने गोण घरात ठेवायला सांगितली होती. एवढं सांगून तो छताकडे बघू लागला.

"आणि तू ठेवलीस ओट्यावर," चंदना म्हणाली.

"जड होती."

तेवढ्यात सुकरी आजीच दारात आली. रानातून आली होती, डोक्यावर करवंदांची पाटी. फरशीवरचे काजू बघून तिने पाटी खाली ठेवली.

"माझी गोण कुणी फोडली रं?"

मग सगळं उलगडलं. सकाळी आजी रानात जायला निघाली तेव्हा रस्त्यावर नवसूची जीप उभी होती. नवसू पाड्यापाड्यातून काजू गोळा करून जव्हारला काजू कारखान्यात पोचवायचा. आजीने लांबूनच त्याला ओरडून सांगितलं, ओट्यावरची गोण ने. ओट्यावर दोन गोणी होत्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना तोच चिंधीचा टाका. नवसूने हाताशी आली ती उचलली.

"उघडून नाय बघितलं त्यानं?" चिमीने विचारलं.

"माझा टाका दिसल्यावर कोण उघडतंय?" आजी म्हणाली. आवाजात राग होता, पण थोडी ऐटही होती. मग तिचा चेहरा बदलला. "पोरांनो, आज तिथं भट्टी पेटणार. आलेला माल आजच वाफवणार."

काजू फोडण्याआधी मोठ्या पिंपात वाफवतात, हे चौघांनाही माहीत होतं. प्लॅस्टिक वाफवल्यावर त्याचं काय होतं, हेही माहीत होतं. चिमीची पाण्याची बाटली एकदा चुलीजवळ राहिली होती.

नवसूचा फोन लागेना. आजीने मुलांकडून सगळे काजू वेचून घेतले, शहराच्या गल्ल्यांत शिरलेलेसुद्धा, आणि गोण पुन्हा शिवली. शिवल्याशिवाय ती हलूच देईना. मग म्हणाली, फाट्यावर जव्हारची गाडी मिळेल. माझी गोण तिथं द्या, तुमची परत आणा, आणि चिमीचा हात सोडू नका. पुष्पाला, म्हणजे ममताच्या आईला, ती स्वतः सांगणार होती. पुष्पा भाताच्या रोपांसाठी राब भाजायला शेतावर गेली होती. तिला शोधत बसलं तर गाडी गेली असती.

एसटीत गोण चढवताना कंडक्टरने विचारलं, की हा पाचवा प्रवासी कोण. हरेश म्हणाला, आजी आहे, झोपलीय. सगळी गाडी हसली आणि गोणीला मागच्या बाकाखाली जागा मिळाली. ममता मात्र खिडकीबाहेर बघत बसली. वाटेत पळसाच्या झाडांखालून बाया चालल्या होत्या, वळणावळणाला दरी उघडत होती, आणि दर वळणावर तिला मनोऱ्याचा एकेक मजला वितळताना दिसत होता.

जव्हारच्या डेपोबाहेरच नवसूकाका भेटला. चहा पीत होता. मुलांनी हकिगत सांगितली, पण त्याला ती पटेना. सुकरीबाईचा टाका मी डोळे मिटून ओळखतो, असं त्याने तीनतीनदा सांगितलं. टाका तिचाच होता पण आत काजू नव्हते, हे चंदना समजावत होती. तो मान हलवत होता आणि पुन्हा टाक्यावरच येत होता. शेवटी ममताने आजीची गोण त्याच्यापुढे ठेवली. तोच टाका, त्याच गाठी. नवसूकाकाने बशीतला चहा तसाच ठेवला.

"मग मी काय नेलं?" तो हळूच म्हणाला आणि जीपकडे धावला.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड होती. एका बाजूला बाया ओळीने बसून पायाच्या यंत्रावर काजू फोडत होत्या, सालीच्या तेलाने बोटं काळी झालेली. दुसऱ्या बाजूला वाफेचं पिंप फुसफुसत होतं. सगळा कारभार हेमराजशेठ बघायचे. ते खुर्चीत बसून फोनवर बोलत होते. मुलांचं बोलणं त्यांनी अर्धं ऐकलं, फोनवर थोडं बोलले, आणि उरलेलं अर्धं ऐकलंच नाही.

त्यांनी कोठीचं दार दाखवलं. आत गोणींची भिंत रचलेली होती. पोशेऱ्याकडच्या गोणी तेवढ्या ओळखू येत होत्या, कारण प्रत्येकीला चिंधीचा दुहेरी टाका होता. आणि तसल्या गोणी निम्म्याहून जास्त होत्या.

"आता?" हरेश म्हणाला.

मुलांनी सगळ्या उघडून बघायची परवानगी मागितली. हेमराजशेठ फोन कानावरून काढून हसले. शिवलेल्या गोणी उघडल्या की माल सांडतो, मिसळतो, कुणाचा किती हे कळत नाही, मग भांडणं माझ्या दारात, असं ते म्हणाले. शिवाय मुलं काजूवर हात मारायला आली नाहीत कशावरून, हेही त्यांनी बोलून दाखवलं. चंदनाचे कान लाल झाले. हरेशने आजीची गोण पुढे ढकलली आणि म्हणाला, की आम्ही तर काजू घेऊन आलो आहोत, नेणारे असतो तर आणले कशाला असते. त्यावर काजू फोडणाऱ्या बायांपैकी एक मोठ्याने हसली. सकू तिचं नाव. ती म्हणाली, "शेठ, पोराला उत्तर द्या आता."

हेमराजशेठनी फोन खाली धरला. ते म्हणाले, "बरं. एक गोण उघडा. एकच. तुमची निघाली तर घेऊन जा. नाही निघाली तर घरी जा, आणि मला काम करू द्या."

तोवर एक माणूस वरच्या गोणी उचलून पिंपाकडे नेऊ लागलाच होता.

हरेशने गोणी उचलून पाहिल्या. जडपणात काही फरक कळेना. चंदनाने एकेक हलवून कान लावला. काजूही खडखडत, ठोकळेही खडखडत, आणि वाफेच्या आवाजात सगळं सारखंच. ममताने वरून चाचपलं. टणक, टणक, टणक.  चिमी एकटी कोपऱ्यात उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"तुला काय झालं?" ममताने विचारलं.

"तू मारशील."

"नाही मारणार. बोल."

"मी दिवा बंद नाय केला," चिमी हुंदके देत म्हणाली. "जांभळा. मनोऱ्याच्या टोकाचा. काल भरताना लावून बघितला आणि तसाच टाकला गोणीत. सेल संपेल आता."

खोक्यात दिव्याचे ठोकळे दोनच होते, पोटात छोटा सेल असलेले. चिमी ते लावायची आणि विसरायची. चंदना तिला रोज रागवायची, कारण तसले सेल पोशेऱ्यात मिळत नाहीत. आताही चंदनाने रागवायला तोंड उघडलं. पण ममताने तिच्या दंडाला धरलं. ती गोणींच्या भिंतीकडे बघत होती, मग कोठीच्या दाराकडे, मग वरच्या एकुलत्या खिडकीकडे.

"हरेश, खिडकीला काहीतरी लाव. चंदना, दार ओढ."

"अंधार कशाला?" हेमराजशेठ दारातून म्हणाले. पण तोवर सकूने आपल्या बसायच्या पोत्याने खिडकी झाकायला हरेशला हात दिला होता, आणि दार लागलं.

कोठीत काळोख झाला. आधी काहीच दिसेना. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या दोन-तीन काड्या आत येत होत्या, त्यात धूळ तरंगत होती. कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. ममताने डोळे घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले.

खालून दुसऱ्या रांगेत, भिंतीच्या अगदी कडेला, एका गोणीचं पोट जांभळं दिसत होतं. फार नाही. पावसाआधी झाडावर एकच काजवा आला की पानाच्या आड दिसतो, तेवढंच.

"ती," ममता म्हणाली. "ती एकच."

दार उघडल्यावर नवसूकाकानेच वरच्या गोणी बाजूला केल्या. हेमराजशेठनी स्वतः टाका कापला, आणि आत हात घालून मूठभर ठोकळे बाहेर काढले. निळे, काळे, आरपार गुलाबी. त्यांनी ते तळहातावर फिरवून पाहिले. मग वाफेच्या पिंपाकडे पाहिलं. हे आत गेलं असतं तर पिंप आतून लिंपलं गेलं असतं आणि हंगामाचं काम बंद पडलं असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"हे कसलं आहे?" त्यांनी विचारलं. फोन त्यांनी आता खिशात घातला होता.

"शहर आहे," चिमी म्हणाली.

नवसूकाकाने मुलांना गोणीसकट जीपमध्ये घातलं आणि पोशेऱ्यापर्यंत वाटेत एकही प्रवासी घेतला नाही. त्याच्या जीपच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. आजीला काय सांगायचं याचा तो सारा वेळ सराव करत होता. हरेश आजी होऊन त्याला शिव्या घालत होता.

पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चौघांनी जेवणही उभ्याउभ्याच केलं. मग चंदना रंग वेगळे करून देऊ लागली, हरेश चार-चार ठोकळ्यांचे पट्टे जोडू लागला, चिमी छोट्या खिडक्या बसवू लागली, आणि ममता बांधू लागली. तिच्या हातांना वेग होता पण घाई नव्हती. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा किंचित वळवलेला, कोपऱ्यांवर निळे आरपार ठोकळे, मधेच बाहेर आलेल्या खोल्या, खोलीखोलीला लोंबणाऱ्या तारा. दारातली पोरं आत आली आणि भिंतीला टेकून बसली.  मनोरा चिमीच्या उंचीपर्यंत गेला, मग हरेशच्या. शेवटचे मजले ममताने बाकावर उभं राहून चढवले आणि टोकावर जांभळा दिवा बसवला. त्याचा सेल अजून जिवंत होता.

काळोख पडायला आला तेव्हा माघ्या दारात उभा होता. हातात प्रवासाची पिशवी तशीच. त्याच्या मागे पुष्पा, सुकरी आजी, अर्धा पाडा, आणि सगळ्यांच्या मागे, मोटरसायकलवरून आलेले हेमराजशेठसुद्धा. नुसतं बघून जातो, असं ते नवसूला म्हणाले होते.

हरेशने खोलीतला दिवा मालवला.

शहर उजळलं. दिव्याचे ठोकळे दोनच, पण आरपार खिडक्यांतून त्यांचा उजेड गल्लीगल्लीत उतरला होता. लाल रस्ता, केशरी डोळ्यांचं सोंग, दोऱ्यांचा पाऊस चमकणारा, गच्चीवरची नागली जांभळी पडलेली. हेमराजशेठ एकदम वाकून गल्ल्यांत डोकावू लागले. सुकरी आजीने तोंडावर पदर धरला. "माझ्या गोणीत एवढं मोठं गाव बसलं होतं?" ती म्हणाली.

माघ्या पुढे आला. तो शहराभोवती फिरला. एकदा, मग पुन्हा. मनोऱ्याजवळ थांबला, कोपरे बोटाने तपासले, वळवलेल्या मजल्यांखाली डोळा लावून पाहिला. कामावर मुकादम पाहतो तसं.

"जोड कुठंच एकावर एक आलेला नाय," तो शेवटी म्हणाला. "कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," ममता म्हणाली. "तसं केलं तर पडत होतं."

"आमच्याकडं नवी माणसं येतात, त्यांना हे कळायला वर्ष जातं." त्याने मान हलवली. ममताचा चेहरा त्या जांभळ्या उजेडातही लाल झालेला दिसला. मग माघ्याने वरच्या बाजूच्या एका खिडकीकडे बोट दाखवलं. आत प्लॅस्टिकचा एक छोटा माणूस उभा होता, डोक्यावर पिवळी टोपी. "हा कोण?"

"तुम्ही."

माघ्या पुन्हा खाली वाकला. 

"मी इथं चढलो कसा?" त्याने विचारलं.

"लिफ्टने."

"लिफ्ट सगळ्यात शेवटी येते, बाय. घरं विकली गेली की मग. तोवर आम्ही परांचीवरनं वर जातो आणि परांचीवरनंच खाली येतो. ह्याला उतरायला वाटच नाय ठेवलीस तू."

 ममताने गोणीत पाहिलं, मग खोक्यात. एकही ठोकळा उरला नव्हता. तिने हरेशकडे पाहिलं. त्यानेही रिकामे हात दाखवले. मग ती बाकावर चढली. दिवसभर ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं तो मनोऱ्याचा टोकाचा मजला तिने दोन्ही हातांत धरला आणि अलगद काढून घेतला. त्याखालचेही एकेक करत पिवळ्या टोपीच्या खिडकीपर्यंत काढले. जांभळा दिवा तिने चिमीच्या हातात दिला.

"दाखवा," ती बाबांना म्हणाली. "कशी बांधतात?"

माघ्याने पिशवी खाली ठेवली आणि फरशीवर मांडी घातली. उभे ठोकळे कसे लावायचे, आडवा कुठे बसवायचा, कुठल्या मजल्याला टेकवायचा, हे तो तिला दाखवत होता आणि ती एकेक लावत होती. चंदना न विचारता लांब ठोकळे निवडून देत होती. हेमराजशेठही बूट काढून आत येऊन बसले आणि सकाळी ज्यांना चोर म्हणाले होते त्यांना आता काळे ठोकळे शोधून देऊ लागले. "एवढं डोकं माझ्या कारखान्यात एकालाही नाही, मला धरून," असं ते पुष्पाला म्हणाले. पुष्पा म्हणाली, की घरातसुद्धा दोघींनाच आहे, आणि माघ्याकडे बघून हसली.

परांची वरच्या खिडकीपासून लाल रस्त्यापर्यंत उतरली. मनोरा आता ठेंगणा झाला होता. बाजूच्या इमारतींहून थोडाच उंच.

माघ्याने खिडकीत बोट घालून पिवळ्या टोपीचा माणूस बाहेर काढला. तो त्याने परांचीच्या अगदी खालच्या फळीवर उभा केला, रस्त्याकडे तोंड करून, घरी निघाल्यासारखा.